पहिली ट्रॉली घेताना: ट्रॅक्टर किती ओढतो, त्याआधी किती थांबवतो ते पाहा

नवा ट्रॅक्टर दारात उभा राहिला की ट्रॉलीचा विषय फार दिवस लांबत नाही. शेणखत टाकायचं असतं, सोयाबीन मोंढ्यावर न्यायचं असतं, शेजाऱ्याची ट्रॉली मागून मागून किती दिवस काढणार? मग माणूस तालुक्याच्या गावी ट्रॉल्या बनवणाऱ्याकडे जातो. तिथे पहिला प्रश्न येतो, "ट्रॅक्टर किती एचपीचा?" ४५ म्हटलं की समोरची मोठी ट्रॉली दाखवतात आणि सांगतात, "आरामात ओढेल."

ओढेल, यात शंका नाही. पहिल्या गिअरमध्ये ट्रॅक्टर भलताच बोजा हलवतो. पण भरली ट्रॉली मागे असताना, उतारावर, पावसाने भिजलेल्या डांबरावर, समोर एसटी अचानक थांबली तर तो वेळेत उभा राहील का? ट्रॉली घेताना हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि रस्त्यावर घात होतो तो इथेच. म्हणून या लेखात एचपीचा हिशेब मागे ठेवला आहे. वजनाचा आणि ब्रेकचा पुढे घेतला आहे.

आधी मालाचं वजन काढा

आपल्याकडे ट्रॉलीचं माप फुटांत सांगतात: १० बाय ६, ११ बाय ६, फाळका (बाजूची भिंत) दीड फुटी, दोन फुटी. त्यावरून ट्रॉलीत किती माल बसेल ते कळतं, पण त्याचं वजन किती होईल ते कळत नाही. ते काढायला ब्रास हे माप सोयीचं. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. १० बाय ६ ची, दोन फुटी फाळक्याची ट्रॉली काठोकाठ भरली तर १२० घनफूट, म्हणजे सव्वा ब्रासला थोडी कमी.

आता एका ब्रासमध्ये काय भरलं यावर सगळं अवलंबून. कोरडी वाळू ब्रासला साधारण साडेचार टन भरते, ओली त्याहून जास्त. मुरूम साडेचार ते पाच टन. सोयाबीन दोन टनांच्या आसपास. सुटा कांदा पावणेदोन टनांच्या घरात. कुजलेलं शेणखत ओलाव्यानुसार दीड ते दोन टन. कापूस तुडवून भरला तरी टनाच्या आत. म्हणजे तीच १० बाय ६ ची ट्रॉली कांद्याने भरली तर माल दोन टन, आणि वाळूने भरली तर साडेपाच टन.

कागदावर दोन गोष्टी लिहून काढा. तुमच्याकडचा सगळ्यात जड माल कोणता आणि सगळ्यात जास्त जागा खाणारा माल कोणता. एक्सल, टायर आणि ब्रेक जड मालावर ठरवायचे. फाळक्याची उंची आणि ट्रॉलीची लांबी जागा खाणाऱ्या मालावर. या दोन्हींची गल्लत झाली की एकतर गरजेपेक्षा अवजड ट्रॉली गळ्यात पडते, नाहीतर हलकी ट्रॉली मुरमाखाली वाकते.

माझं मत विचाराल तर पाच-दहा एकरवाल्याने वर्षातून दोनदा लागणाऱ्या मुरमासाठी मोठी ट्रॉली घेऊ नये. दोन फुटी फाळक्याची साधी ट्रॉली घ्यावी, कडबा आणि कापसासाठी वर चढवता येईल असा जाळीचा जादा फाळका करून घ्यावा, आणि ट्रॉलीच्या आतल्या बाजूला, तळापासून एक फुटावर, रंगाने ठळक रेघ मारून घ्यावी. १० बाय ६ मध्ये एक फूट उंची म्हणजे ०.६ ब्रास, म्हणजे मुरमाचे पावणेतीन ते तीन टन. मुरूम आणि वाळू रेघेच्या वर जाणार नाही हे ड्रायव्हरला आणि भरणाऱ्यांना एकदाच सांगून ठेवायचं. जेसीबीवाला एक बकेट जास्त टाकून देतो तेव्हा ही रेघ कामाला येते, कारण वाद घालावा लागत नाही.

मग ट्रॅक्टरचं वजन बघा

४०-४५ एचपीचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा असतो. नेमका आकडा माहितीपुस्तिकेत मिळतो, नाहीतर वजनकाट्यावर उभा करा. या दोन टनांपैकी ६० ते ६५ टक्के भार मागच्या चाकांवर असतो आणि नेहमीच्या शेती ट्रॅक्टरला ब्रेकही मागच्या चाकांनाच असतात. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर आख्खा बोजा थांबवण्याची जबाबदारी त्या दोन चाकांवर येते.

हिशेब मांडून पाहू. ताशी २५ किलोमीटर वेग, कोरडं डांबर, रस्ता सपाट. नुसता ट्रॅक्टर ब्रेक दाबल्यापासून सहा-सात मीटरमध्ये थांबतो. मागे सहा टनांची भरली दोनचाकी ट्रॉली लावली तर तेच अंतर १३-१४ मीटरवर जातं. चारचाकी ट्रॉली असेल, जिचा भार ट्रॅक्टरवर पडत नाही, तर २४ मीटरच्या आसपास. आता रस्त्याला २० फुटांत एक फूट उतार धरा. चारचाकी ट्रॉलीचं अंतर दुप्पट होऊन पन्नास मीटरला टेकतं. यात ड्रायव्हरचं लक्ष जाऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंतचा वेळ धरलेला नाही, आणि रस्ता ओला असेल किंवा टायर झिजलेले असतील तर काय होईल तेही धरलेलं नाही. उतार जरा वाढला की एक वेळ अशी येते की मागची चाकं ब्रेकने पूर्ण अडकतात आणि तरीही ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत पुढे नेते. पुढे ढकलता ढकलता ती एका अंगाला सरकते, ट्रॅक्टर आडवा होतो, आणि दोन्ही वाहनं चाकूच्या पात्यासारखी मिटतात. अशा वेळी ड्रायव्हरच्या हातात काही राहत नाही.

यावरून मी एक ढोबळ नियम धरतो. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर सपाट मुलखात ट्रॉली आणि माल मिळून ट्रॅक्टरच्या वजनाच्या अडीचपट, आणि वाटेत घाट किंवा मोठा उतार असेल तर दीडपट. दोन टनांच्या ट्रॅक्टरला हे पाच टन आणि तीन टन होतात. रिकामी ट्रॉलीच एक-सव्वा टनाची असते, ती वजा केली की माल उरतो पावणेचार टन आणि पावणेदोन टन. ऐकायला कमी वाटतं. याहून जास्त न्यायचं असेल तर ट्रॉलीला ब्रेक बसवून घ्या. बनवताना बसवले तर खर्च फार वाढत नाही, नंतर बसवायला एक्सल बदलावा लागतो. ब्रेक ट्रॅक्टरच्या पेडलबरोबर लागणारे असतील तर उत्तम. नुसता हाताने ओढायचा ब्रेक ट्रॉली उभी करून ठेवायला उपयोगी, चालत्या गाडीत त्याचा उपयोग नाही.

एक गोष्ट नवख्या ड्रायव्हरला पहिल्या दिवशीच दाखवा. ट्रॅक्टरला डावा आणि उजवा असे ब्रेकचे दोन पेडल असतात, शेतात पटकन वळण्यासाठी. दोन्ही जोडणारी एक छोटी पट्टी असते. रस्त्यावर चढण्याआधी ती लावलीच पाहिजे. भरली ट्रॉली मागे असताना एकाच पेडलवर पाय पडला तर ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो आणि ट्रॉली त्याच्या अंगावर येते. दोन्ही ब्रेक सारखे लागतात का हेही मोकळ्या रस्त्यावर रिकामी ट्रॉली लावून तपासायचं. आणि उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करायची सवय असेल तर ती आजच सोडा. ज्या गिअरमध्ये चढ चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, क्लच न दाबता.

दोन चाकी की चार चाकी

शेतीसाठी पहिली ट्रॉली घेणाऱ्याला मी दोन चाकीच सुचवतो, आणि त्याला तीन कारणं आहेत. पहिलं, तिचा थोडा भार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो, त्यामुळे काळ्या मातीत, पाणंद रस्त्यावर चाकं कमी घसरतात आणि ब्रेकही बरे लागतात. दुसरं, ती मागे घेता येते. चारचाकी ट्रॉलीच्या पुढच्या एक्सलला टर्नटेबल म्हणजे वळणारं चक्र असतं. ती मागे घेताना दोन ठिकाणी दुमडते आणि नवख्याचा घाम निघतो. शेताच्या तोंडाशी, गोठ्यासमोर, बाजार समितीच्या रांगेत मागे घेणं रोजचंच आहे. तिसरं, वजन कमी, चाकं कमी, देखभाल कमी.

चारचाकीचा फायदा लांबच्या आणि जड वाहतुकीत. उसासाठी ती बरी पडते, माल समतोल बसतो, ट्रॅक्टरच्या हुकावर भार येत नाही. कोल्हापूर-सांगलीकडे हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या दिसतात. ते बघून नवख्याने तसं करायला जाऊ नये. वर काढलेलं थांबण्याचं अंतर आठवा आणि मागच्या बोजाला आणखी एक ट्रॉली जोडून पाहा.

दोनचाकीत मात्र एक गोष्ट मनापासून तपासावी लागते, ती म्हणजे एक्सल कुठे बसवला आहे. तो तळाच्या मध्यापासून साधारण फूट ते दीड फूट मागे हवा. म्हणजे भरल्या ट्रॉलीच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार दांडीतून (ट्रॉलीला ट्रॅक्टरशी जोडणारा पुढचा दांडा) हुकावर येतो. एक्सल बरोबर मध्यावर असेल आणि माल जरा मागे भरला गेला तर ट्रॉली दांडी वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि गाडी रस्त्यावर सापासारखी वळवळू लागते. एक्सल फार मागे असेल तर उलटं: हुकावर इतका भार येतो की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. चढावर स्टिअरिंग हलकं लागायला लागलं तर समजा की पुढची चाकं जमीन सोडायच्या बेतात आहेत. वळण्यासाठी पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा राहिला पाहिजे. दोन टनांच्या ट्रॅक्टरला ४०० किलो.

हे सगळं साध्या वजनकाट्यावर मोजता येतं, आणि ट्रॉली ताब्यात घेतल्यावर पहिल्या भरल्या खेपेलाच मोजावं. आधी नुसत्या ट्रॅक्टरचं वजन घ्या. मग ट्रॅक्टर आणि भरली ट्रॉली दोन्ही काट्यावर घ्या. मग ट्रॅक्टर काट्याच्या पुढे उतरवून फक्त ट्रॉलीची चाकं काट्यावर ठेवा, ट्रॉली जोडलेलीच राहू द्या. समजा ट्रॅक्टर २,००० किलो, दोन्ही मिळून ८,००० आणि ट्रॉलीची चाकं ५,२००. म्हणजे ट्रॉली ६,००० किलोची आणि हुकावर ८०० किलो, १३ टक्क्यांच्या आसपास. हुकाचा हिस्सा ठीक आहे. एकूण वजन मात्र ब्रेक नसलेल्या ट्रॉलीसाठी जास्त आहे, पुढच्या खेपेला एक टन कमी भरायचा. काट्याची पावती जपून ठेवा.

दांडीची कडी ट्रॅक्टरच्या खालच्या हुकालाच लावायची. वरचा हात (अवजाराला वरून धरणारी टॉप लिंक) जिथे जोडतात त्या उंच ठिकाणी साखळी बांधून किंवा पिन घालून ओढायचं नाही, एक मिनिटासाठीसुद्धा नाही. ओढ मागच्या एक्सलच्या वर गेली की ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि उलटायला दीड-दोन सेकंद पुरतात. तेवढ्यात क्लच दाबणं जमत नाही. पिन कारखान्याची, जाड, आणि तिला खाली खटका किंवा क्लिप असलेली हवी. सळईचा तुकडा घालून चालवणारे खूप दिसतात. दांडी आणि ट्रॅक्टर यांच्यामध्ये जादा सुरक्षा साखळी बांधून घ्या, पिन निसटली तर ट्रॉली रस्त्यावर मोकळी सुटत नाही.

डंपिंग घ्यायची का?

डंपिंग म्हणजे जॅकने साटा (माल भरायचा वरचा भाग) उचलून माल ओतणारी ट्रॉली. शेणखत, मुरूम, मका, सुटा कांदा रोजचा असेल तर घ्या. माणसं मिळत नाहीत, त्यामुळे पैसे वसूल होतात. गोण्या, कडबा, फळांचे क्रेट यांसाठी गरज नाही, आणि डंपिंगच्या जादा लोखंडामुळे तेवढा माल कमी बसतो.

घेतली तर दोन पथ्यं. जॅकचं तेल ट्रॅक्टरमधूनच येतं, त्यामुळे पाइप जोडताना कपलर (पाइपची जोडणारी तोंडं) पुसून घ्यायचे, नाहीतर ट्रॉलीची माती ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये जाते; आणि जॅक पूर्ण वर असताना ट्रॅक्टरमधलं तेल कमी पडत नाही ना हे आधी बघायचं. दुसरं पथ्य जिवाचं आहे. उचललेल्या साट्याखाली टेकू लावल्याशिवाय कुणीही वाकायचं नाही. उचलताना वर विजेच्या तारा नाहीत, जमीन एका अंगाला कललेली नाही, हे बघितल्यावरच लिव्हर ओढायचा. ओलं शेणखत एका बाजूला चिकटून राहतं आणि दुसरी बाजू मोकळी होते. उंच साटा त्या वेळी आडवा पडतो.

लोखंड, पाटे, चाकं

ट्रॉली बनवणाऱ्याकडे गेलात की रंगाकडे बघू नका. शक्य असेल तर रंग मारण्याआधीच बघायला जा, वेल्डिंग उघडं दिसतं. चॅसीच्या (खालच्या सांगाड्याच्या) लांब चॅनेलचं माप विचारा आणि टेपने मोजा. १०० बाय ५० सांगून ७५ बाय ४० लावलेलं डोळ्याला पटकन कळत नाही. आडवे चॅनेल किती अंतरावर आहेत ते ट्रॉलीखाली वाकून बघा. वेल्डिंग सलग आहे की नुसते टाके मारलेत ते बघा, खास करून दांडी चॅसीला मिळते तिथे आणि पाटे (एक्सलवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) अडकवतात त्या कानांपाशी. ट्रॉली तुटते ती याच दोन जागी.

पत्र्याची जाडी फाळक्याच्या कडेला व्हर्नियरने मोजता येते. तळाला चार मिलिमीटर, फाळक्याला तीन मिलिमीटर असावं असं मी म्हणेन. एक चौरस मीटर पत्रा दर मिलिमीटर जाडीला ७.८५ किलो भरतो. १० बाय ६ चा तळ चार मिलिमीटरचा असेल तर १७५ किलो, तीनचा असेल तर १३१ किलो. ४४ किलोंचा फरक किमतीत धरलेला असतो, तो लोखंडात दिसला पाहिजे. म्हणून कोटेशन घेताना प्रत्येक भागाचं माप आणि ट्रॉलीचं रिकामं वजन लिहून मागा, आणि ताबा घेताना काट्यावर रिकामी ट्रॉली तोलून घ्या. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही.

टायरवर थांबून विचार करा. ट्रॉल्यांना अनेकदा ट्रकचे उतरवलेले किंवा रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) टायर लावून देतात. शेतात ते चालतात. रस्त्यावर भरल्या ट्रॉलीचा टायर फुटला तर दोनचाकी ट्रॉली त्या अंगाला बसते. टायरच्या कडेवर भारक्षमतेचा आकडा छापलेला असतो, तो विचारून घ्या, आणि दोन्ही टायरची मिळून क्षमता भरल्या ट्रॉलीच्या चाकांवरच्या भाराहून जास्त आहे याची खात्री करा. वरच्या उदाहरणात तो भार ५,२०० किलो होता, म्हणजे एका टायरने २,६०० किलो तरी पेललं पाहिजे. दोन्ही टायर एकाच मापाचे हवेत, आणि स्टेपनी विसरू नका.

अवजारं आणि छोटा ट्रॅक्टर न्यायचा असेल तर

दुसऱ्या गावात शेत असलेल्यांची, किंवा भाड्याने काम करणाऱ्यांची ही अडचण असते: रोटाव्हेटर मागे लावला की ट्रॉली लावता येत नाही, आणि ट्रॉली लावली की रोटाव्हेटर घरी राहतो. म्हणून अवजार ट्रॉलीत घालून न्यायचं. सहा फुटी रोटाव्हेटर ४०० ते ५०० किलोंचा असतो, पलटी नांगरही जवळपास तेवढाच. वजनाचा प्रश्न नाही, चढवण्या-उतरवण्याचा आहे.

सोपा मार्ग म्हणजे बांध. ट्रॉलीचा तळ ज्या उंचीला येतो त्या उंचीचा बांध किंवा उंचवटा शोधा, मागचा फाळका उघडून ट्रॉली त्याला भिडवा, आणि अवजार बांधावरून सरळ आत सरकवा. हे जमणार नसेल तर जाड चॅनेलच्या दोन फळ्या, लांब घ्या म्हणजे चढ कमी होतो, आणि वरच्या टोकाला तळात अडकतील असे हुक वेल्ड करून घ्या. कोणत्याही वेळी ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच असली पाहिजे. सुटी दोनचाकी ट्रॉली दांडीच्या टेकूवर उभी असते. मागच्या टोकावर पाच क्विंटल आले की दांडी वर उसळते आणि समोर उभ्या माणसाला लागते. जोडलेल्या ट्रॉलीतही मागच्या कडेखाली लाकडी ठोकळे लावा आणि चाकांना दगड द्या.

अवजार आत आलं की एक्सलच्या किंचित पुढे ठेवा आणि चार कोपऱ्यांतून साखळीने किंवा पट्ट्याने ताणून बांधा. दोरखंडावर विसंबू नका, लोखंडावर लोखंड घासून तो तुटतो. यासाठी ट्रॉली बनवतानाच तळाच्या चारही कोपऱ्यांत जाड कड्या वेल्ड करून घ्या. नंतर कुणी करून देत नाही असं नाही, पण राहून जातं.

द्राक्ष-डाळिंबाच्या बागेतला १८-२० एचपीचा छोटा ट्रॅक्टर टनाच्या आतबाहेर असतो, तो मोठ्या ट्रॉलीत जाऊ शकतो. चढवताना रिव्हर्समध्ये चढवावा, तोंड उचलण्याची भीती राहत नाही. बांधताना साखळी एक्सलला आणि चॅसीला लावायची. नुसते टायर बांधले तर तो झुलत राहतो. मोठा ट्रॅक्टर लांब न्यायचा झाला तर मात्र त्यासाठीची खालच्या तळाची गाडी भाड्याने घ्या, ट्रॉलीत प्रयोग नको.

कागदपत्रं

ट्रॉली हे कायद्याने वेगळं वाहन आहे. तिची आरटीओत वेगळी नोंदणी होते, तिला वेगळा नंबर मिळतो. नवी घेताना विक्रेत्याकडून विक्री प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१ आणि वाहन योग्यतेचा फॉर्म २२ घ्या, आणि नोंदणीचा अर्ज फॉर्म २० मध्ये करा. त्याआधी एक प्रश्न विचारा: या ट्रॉलीच्या डिझाइनला पुण्याच्या एआरएआय किंवा सीआयआरटीसारख्या अधिकृत चाचणी संस्थेची मान्यता आहे का? नसेल तर नोंदणी अडते. "नंबरचं नंतर बघू, सगळे असेच चालवतात" असं म्हणणाऱ्याकडून ट्रॉली घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

विम्यात ट्रॉलीचा उल्लेख वेगळा लागतो. फक्त ट्रॅक्टरची पॉलिसी असेल आणि अपघात ट्रॉलीमुळे झाला तर दावा वादात सापडतो. पॉलिसी हातात आली की ट्रॉलीचा चॅसी नंबर त्यात छापलाय का ते स्वतः वाचा. ट्रॉलीत माणसं बसवायची नाहीत, लग्नाला नाहीत, यात्रेला नाहीत, शेतमजुरांनाही नाहीत. ती मालाची जागा आहे. तिथे बसलेल्याला काही झालं तर विमा कंपनी हात वर करते आणि घर बुडतं. लायसन्सबद्दल मात्र धास्ती नको. ट्रॅक्टरचं वैध लायसन्स असलेला माणूस ट्रॉली जोडल्यामुळे अपात्र ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या एका निकालात स्पष्ट केलं आहे.

शेतीसाठी नोंदलेली ट्रॉली भाड्याने विटा-वाळू वाहायला वापरली तर नोंदणी, कर आणि विमा तिन्ही ठिकाणी अडचण येते. मुरूम-वाळूच्या बाबतीत आणखी एक. वाहतूक पास नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली तहसीलदार ट्रॉलीसकट ट्रॅक्टर जप्त करू शकतात. स्वतःच्या घरकामाचा मुरूम आहे हे सांगून सुटका होत नाही, पास आधी काढा.

अनुदानाचा विचार असेल तर खरेदीच्या आधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जाऊन यंदाच्या यादीत ट्रॉली आहे का विचारा आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करा. पूर्वसंमतीचं पत्र येण्याआधी घेतलेल्या वस्तूला अनुदान मिळत नाही.

जुनी ट्रॉली घेत असाल तर

इंजिन नसल्याने ट्रॉली चोरायला सोपी असते, आणि चोरलेल्या ट्रॉल्या रंग बदलून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. म्हणून आधी चॅसी नंबर. पंच केलेले आकडे आरसी बुकाशी जुळवा. त्या जागी घासल्याच्या, नव्या वेल्डिंगच्या किंवा ताज्या रंगाच्या खुणा असतील तर तिथूनच परत फिरा. आरसीवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि कर्ज फिटल्याचा बेबाकी दाखला घ्या. हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३० लागतात.

मग ट्रॉलीखाली जा. चॅसी दोरी धरून सरळ आहे का बघा. दांडीची कडी आतून किती झिजली आहे ते बोटाने चाचपा, एक बाजू पातळ झाली असेल तर कडी बदलायचा खर्च किमतीतून कापा. चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा. खडखडलं तर बेअरिंग गेलेलं आहे. पाट्यांपैकी एखादा तुटून वेल्ड केला असेल तर तो पाट्याचा संच बदलायचाच, वेल्ड केलेला पाटा पुन्हा तिथेच तुटतो.

रात्री दिसली पाहिजे

उसाच्या हंगामात पहाटेच्या अंधारात उभ्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. मागे लाल, बाजूंना पिवळा आणि पुढे पांढरा असा चमकणारा रिफ्लेक्टर टेप लावा. फाळक्यावर लावलेला टेप लोंबणाऱ्या उसाखाली आणि कडब्याखाली झाकला जातो, म्हणून मागच्या बाजूला खाली चॅसीवरही पट्टी हवी. मागचे दिवे आणि इंडिकेटर ट्रॅक्टरच्या प्लगला जोडून घ्या, वायर दांडीच्या पाइपमधून न्या म्हणजे काट्याकुट्यात तुटत नाही. टेपवरचा चिखल आठवड्याला फडक्याने पुसायचा. ट्रॉली रस्त्यात बंद पडली तर दगड मांडून भागत नाही, आणि निघताना ते दगड तिथेच सोडायचे तर मुळीच नाहीत. एक लाल त्रिकोण टूलबॉक्समध्ये ठेवा.

पहिल्या काही खेपा

नव्या ट्रॉलीचे चाकांचे नट पहिल्या भरल्या खेपेनंतर सैल पडतात, ते पुन्हा आवळा, आणि आठवडाभर रोज पान्हा लावून बघा. पाट्यांचे यू-बोल्टही तसेच. पहिल्या खेपेनंतर दोन्ही हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) हात ठेवा. एक गरम आणि एक थंड लागला तर गरम बाजूचं बेअरिंग जास्त आवळलेलं आहे, लगेच सैल करून घ्या. टर्नटेबल आणि कडीला ग्रीस द्या. आणि माल भरायच्या आधी रिकामी ट्रॉली घेऊन मोकळ्या माळावर अर्धा दिवस मागे घ्यायचा सराव करा. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला हात धरायचा. ट्रॉलीचं मागचं टोक ज्या बाजूला न्यायचं त्याच बाजूला हात सरकवायचा, हळू, आणि ट्रॉली वळू लागली की लगेच सरळ करायला सुरुवात करायची. दुमडायला लागली तर जोर करू नका, पुढे जाऊन सरळ करा आणि पुन्हा मागे या.